अठरा माणसांची मंडळी आणि जगभरची मंडळी

ताई, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुम्ही लिहिले आहे की मोहोळ तालुक्यातील तुमच्या गावच्या मंडळीत आता रविवारी जेमतेम अठरा माणसे उपासनेला जमतात, तरुण पुण्याला गेले आहेत आणि पाळकांकडे आणखी गावे असल्यामुळे प्रभुभोजन महिन्यातून एकदाच होते. तुम्ही सोलापुरात नोकरी करूनही रविवारी गावी जाता, ते आईसाठी आणि त्या अठरा जणांसाठी. तुमचा प्रश्न असा आहे : ‘विश्वासांगीकारात आम्ही पवित्र सार्वत्रिक, म्हणजे जगभरच्या सर्व ख्रिस्ती लोकांच्या, मंडळीवर विश्वास ठेवतो असे म्हणतो, पण जगात कोट्यवधी ख्रिस्ती आहेत याचा आमच्या रिकाम्या बाकांना काय उपयोग? त्यातून धीर घ्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?’ सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील लहान मंडळ्यांच्या सेवेत माझे बहुतेक आयुष्य गेले आहे. हा प्रश्न याच शब्दांत नसला तरी याच वेदनेने मला अनेकांनी विचारला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कोट्यवधींच्या आकड्याने धीर येत नाही आणि तो यावा अशी पवित्र शास्त्राचीही अपेक्षा दिसत नाही. त्या मोठ्या मंडळीतील माणसे नावानिशी आपल्यापर्यंत येतात, किंवा आपण त्यांच्यापर्यंत जातो, तेव्हा धीर येतो. माझ्या अनुभवात याला अपवाद फार थोडे आहेत.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय काढा. पौल कैदी म्हणून रोमला नेला जात आहे. जहाज फुटले, मिलिता बेटावर हिवाळा काढावा लागला, मग पुत्युल बंदरात उतरून पायी प्रवास सुरू झाला. रोममधील बंधुजनांना ही बातमी कळली आणि ते त्याला सामोरे निघाले. काही जण तीन उतारशाळांपर्यंत आले, काही जण अप्पियाच्या पेठेपर्यंत. अप्पियाची पेठ रोमपासून सुमारे ६५ किलोमीटरवर होती. सोलापुरातून निघून पंढरपूर जवळ यावे इतके ते अंतर, आणि तेही पायी, एका कैद्याला भेटण्यासाठी, ज्याचे तोंड त्यांतील बहुतेकांनी कधी पाहिलेले नव्हते. त्यांच्याकडे त्याचे पत्र मात्र होते. सुमारे तीन वर्षांपूर्वी करिंथहून लिहिलेल्या त्या पत्राच्या सुरुवातीलाच पौलाने म्हटले होते की तुमच्या आणि माझ्या विश्वासाने आपण एकमेकांना उत्तेजन द्यावे अशी माझी इच्छा आहे. या पुस्तकाचा लेखक लूक त्या प्रवासात सोबत होता. तो लिहितो की त्या लोकांना पाहून पौलाने देवाची उपकारस्तुती केली आणि त्याला धैर्य आले.

या वाक्यापाशी मी लोकांना नेहमी थांबवतो, कारण त्याच्या आधीचा अध्याय वाचला की त्याचे वजन कळते. वादळात देवाचा दूत रात्री पौलाजवळ उभा राहिला होता, तू कैसरापुढे उभा राहशील असे त्याला स्पष्ट सांगण्यात आले होते, आणि त्या वचनाच्या बळावर त्याने जहाजावरील २७६ माणसांना धीर देऊन जेवायला लावले होते. ज्याने दूताचे दर्शन घेतले आणि इतक्या माणसांना सावरले, त्यालाही पुढे धुळीच्या रस्त्यावर काही साधी माणसे समोरून येताना दिसावी लागली, तेव्हा कोठे त्याच्या जिवात जीव आला. यात पौलाच्या विश्वासाची काही उणीव दिसते असे मला वाटत नाही. देवाने आपल्या माणसांना असेच घडवले आहे. दर्शन आणि वचन तो देतो, आणि धीर मात्र पुष्कळदा भावाबहिणींच्या हाती पाठवतो. म्हणून गावी बसून तुम्हांला एकटे वाटत असेल तर स्वतःच्या विश्वासाला दोष देऊ नका.

त्याच उताऱ्यातील आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या बंधुजनांनी पौलाची बेडी काढली नाही, त्यांना ते शक्यही नव्हते. पुढे दोन वर्षे तो पहाऱ्यातच राहिला. परिस्थिती तीच राहिली आणि माणूस मात्र उभा राहिला. तुमच्या मंडळीची संख्या या वर्षी अठरावरून अठ्ठावीस होईल असे मी तुम्हांला सांगू शकत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून जरा सावध राहा.

आकड्यांचे म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार भरली, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी, आणि त्यांतील मोठा भाग मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यातला. आपल्या जिल्ह्यात आपण किती विरळ आहोत हे सांगायला वेगळ्या गणतीची गरज नाही. संख्येत धीर शोधायला गेलो तर गावात हरतो आणि जगाच्या नकाशावर जिंकतो, आणि दोन्ही ठिकाणी हाताला काही लागत नाही. एलीया संदेष्ट्याला देवाने सांगितले की बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार मी राखून ठेवले आहेत. ते सात हजार एलीयाला भेटले असे मात्र शास्त्र सांगत नाही. त्याच संभाषणात देवाने त्याला एका माणसाचे नाव आणि गाव दिले, शाफाटाचा मुलगा अलीशा, आबेल-महोला येथला, आणि एलीया उठून त्याच्याकडे गेला. सात हजारांचा दिलासा आणि एक सोबती त्याला एकाच वेळी मिळाले, आणि पुढची वाट त्याने त्या एकाच्या सोबतीने काढली.

दुसरी एक समजूत तुमच्या पत्रात दडलेली आहे, ती दूर करतो. तुम्ही लिहिता, ‘आम्ही मोठ्या मंडळीचा एक लहानसा तुकडा.’ पौल करिंथच्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा तिला सरळ देवाची मंडळी म्हणतो, आणि लगेच प्रत्येक ठिकाणी प्रभूचे नाव घेणाऱ्या सर्वांना तिच्या शेजारी बसवतो. तुमच्या गावात जेथे वचन वाचले जाते, भाकर मोडली जाते, आजाऱ्याची विचारपूस होते, तेथे अठरा माणसांत मंडळी पूर्ण आहे. तिला कोणत्याही मुख्यालयाने पूर्ण करायचे बाकी नाही. मोठ्या मंडळीशी नाते जोडायचे ते आपण अपुरे आहोत म्हणून नव्हे. एकाच घरातली माणसे एकमेकांची चौकशी करतात, तसे.

आता आपल्याच भागातील गोष्ट, कारण मोठी मंडळी ही दूर कोठेतरी असलेली वस्तू नाही, तिच्या पाऊलखुणा आपल्या रेल्वेमार्गावर आहेत. अमेरिकन बोर्ड या प्रॉटेस्टंट मिशन संस्थेचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईला पोचले, १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू झाले, आणि १८६० च्या दशकात ते सोलापूरपर्यंत आले. त्यांच्यामागे न्यू इंग्लंडमधील लहान लहान गावांच्या मंडळ्या होत्या, ज्यांतील स्त्रियांनी घरखर्चातून वाचवलेले पैसे, कधीही न पाहिलेल्या दख्खनच्या माणसांसाठी, वर्षानुवर्षे पाठवले. १८९९-१९०० च्या दुष्काळात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांची दैना झाली तेव्हा न्यूयॉर्कहून ख्रिस्ती लोकांच्या वर्गणीतून मक्याने भरलेले ‘क्विटो’ नावाचे जहाज मुंबईला आले. आपल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात दुष्काळात अनाथ झालेल्या एखाद्या मुलापासून किंवा मुलीपासून होते, हे जुन्या घरांत आजही सांगितले जाते. तुमच्याही घरात तसे काही असेल तर आईला विचारून लिहून ठेवा.

परंतु ही गोष्ट एवढ्यावर सोडली तर आपण कायमचे घेणारेच ठरतो, आणि ते खरे नाही. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड ओलांडल्यावर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातील आणि परित्यक्त मुलींसाठी मुक्ती सदन वसवले. १९०५ मध्ये त्या मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी जागृती झाली. तेथे रमाबाईंबरोबर काम करणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन भगिनीने त्याविषयी एक पुस्तिका लिहिली आणि ती दक्षिण अमेरिकेतील चिलीच्या वाल्पाराइसो शहरात असलेल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. त्या मैत्रिणीचे पती विलिस हूवर तेथे मेथडिस्ट पाळक होते. ती पुस्तिका वाचून त्या मंडळीने प्रार्थना सुरू केली, १९०९ मध्ये तेथे जागृती झाली, आणि चिलीतील आजच्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आपला उगम त्या घटनेपर्यंत नेतात. केडगावच्या त्या मुलींपैकी कोणीही चिलीचे नाव ऐकले असेल असे मला वाटत नाही. दुष्काळातून वाचवलेल्या अनाथ मुलींनी दख्खनच्या माळावर केलेली प्रार्थना महासागरांपलीकडे जाऊन पोचली, आणि नेणारे साधन काय, तर दोन मैत्रिणींमधील टपाल. लहान मंडळीत बसलेल्या प्रत्येक माणसाला मी ही गोष्ट सांगतो, कारण आपल्या अठरा जणांच्या प्रार्थनेचा शेवट कोठे होतो हे आपल्याला दिसत नाही.

तुमच्या सहकाऱ्यांपैकी कोणी तुम्हांला तुमचा धर्म बाहेरचा म्हणून हिणवले, तेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. त्याच्याशी वाद घालू नका, पण स्वतःला माहीत असू द्या की सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या व्यापाऱ्याने कल्लियाना येथे, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपल्या कल्याणला, पर्शियातून नेमणूक झालेला बिशप असल्याची नोंद केली आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. आणि जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. ते कॅथॉलिक धर्मगुरू, आपण प्रॉटेस्टंट. तरीही त्या दिवसांत आपल्या घराघरांत ‘आपले फादर’ असाच उल्लेख होत होता, आणि मला तो फार मोलाचा वाटला.

आता काय करायचे ते लिहितो. यांतील पहिल्या गोष्टीवर मी सर्वांत अधिक भर देतो, म्हणून तिच्यासाठी जागाही अधिक घेतो.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावे घ्या. बहुतेक ठिकाणी ही प्रार्थना ‘जगातील सर्व मंडळ्यांना आशीर्वाद दे’ एवढ्यावर संपते. ती खोटी नसते, पण तिच्यातून कोणाचाही चेहरा समोर येत नाही. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल चोवीस माणसांना नावाने सलाम सांगतो, तेही अशा शहरातील माणसांना जेथे तो तोवर कधी गेलेला नव्हता. एक वही करा. त्यात जिल्ह्यातील मंडळ्यांची नावे लिहा : बार्शी, अक्कलकोट, पंढरपूर, करमाळा, जेथे जेथे आपली माणसे जमतात ती गावे, तेथील पाळकांचे नाव, कोणी आजारी असेल तर त्याचे नाव. दर रविवारी एकच मंडळी घ्या. शनिवारी तेथील कोणाला तरी फोन करून विचारा, ‘उद्या आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहोत, कशासाठी करू?’ हा फोन फार महत्त्वाचा आहे. तो केल्यावाचून वहीतील नावे नुसतीच यादी होऊन राहतात, आणि तो केला की पुढच्या महिन्यात तिकडूनही फोन येतो. देशाबाहेरचे आणि राज्याबाहेरचे एक ठिकाण महिन्यातून एकदा घ्या. मे २०२३ पासून मणिपूरमध्ये जे घडले त्यात कितीतरी मंडळ्यांची उपासनागृहे जळाली आणि माणसे छावण्यांत राहिली. त्यांच्यासाठी प्रार्थना करताना पेत्राचे ते वाक्य वाचा, की जगातील तुमच्या बंधुवर्गालाही तशीच दुःखे भोगावी लागत आहेत. पेत्राने ते धीर देण्यासाठी लिहिले आहे. आपले दुःख त्यांच्यापेक्षा हलके आहे म्हणून गप्प बसावे, असा त्याचा अर्थ नाही. आपण एकाच झुंजीत उभे आहोत, असा आहे.

सोलापुरात असताना शेजारच्या भाषेतील उपासनेला जा. आपल्या शहराला मराठी, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषा घरच्या आहेत, आणि तिन्हींत प्रभूची स्तुती होते. हातमाग आणि यंत्रमागावर राबणाऱ्या तेलुगू कुटुंबांच्या पूर्व भागात, किंवा कर्नाटकाकडून आलेल्या कन्नड भावांच्या सभेत, दोन महिन्यांतून एकदा तरी सायंकाळी जाऊन बसा. भाषा कळणार नाही अशी भीती नको. प्रभूची प्रार्थना कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे लयीवरून कळते, तेव्हा आपण आपल्या भाषेत म्हणावे. उपासनेनंतर चहाला थांबा, कारण खरी ओळख तेथेच होते. केरळहून आलेल्या परिचारिका आपल्या रुग्णालयांत काम करतात. त्यांपैकी काही जणींच्या मंडळ्यांची परंपरा संत थोमापर्यंत, म्हणजे पहिल्या शतकापर्यंत जाते. त्यांना एकदा गावी घेऊन या. अठरा जणांच्या मंडळीत दोन पाहुण्या आल्या तर काय होते ते मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हातारी माणसे नीट कपडे करून वेळेआधी येतात, आणि नेहमी मागे बसणारा एखादा पुढे येऊन गीत सुरू करतो.

कॅथॉलिक शेजाऱ्यांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी लिहितो. सोलापूरचे कॅथॉलिक १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात मोडतात. त्यांच्या मिस्सामध्ये, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेत, आपल्याला भाकर घेता येत नाही. हे दुःख आहे आणि ते दुःखच राहू द्यावे, त्यावर गोड बोलून पांघरूण घालू नये. परंतु दरवर्षी १८ ते २५ जानेवारी या काळात जगभर ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना होते, १९०८ पासून ती चालत आली आहे, आणि तिला दोन्ही बाजूंचे लोक बसू शकतात. सोलापुरात ते दिवस गड्ड्याच्या यात्रेचे असतात, रस्ते भरलेले असतात; सायंकाळची एक लहानशी घरसभा ठेवली तरी पुरे. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन तर तुमच्या भगिनी मंडळासाठी जणू तयार जेवणाचे ताट आहे. दरवर्षी एका देशातील स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात आणि सगळे जग तीच उपासना करते. २०२४ मध्ये ती पॅलेस्टाइनच्या ख्रिस्ती भगिनींनी लिहिली होती, २०२५ मध्ये कुक बेटांवरील भगिनींनी. पाच बायका जमल्या तरी ती होऊ शकते. त्या देशाचा नकाशा भिंतीवर लावा आणि मुलांकडून त्या देशाविषयी चार वाक्ये वाचून घ्या.

पुण्याला गेलेल्या तरुणांविषयी तुमच्या पत्रात सर्वांत अधिक खंत आहे. ती खंत मी जाणतो. हडपसर आणि पिंपरी-चिंचवडच्या मंडळ्यांत जाऊन बसलो तर आपल्याच जिल्ह्यातील किती चेहरे दिसतात हे मला माहीत आहे. पण तुमची मुले मंडळीतून गेली असे म्हणण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारा : जाताना त्यांना कोणी निरोप दिला का? पौलाने किंख्रियाच्या फीबीला रोमला पाठवताना तिच्यासाठी शिफारस लिहिली, ही आमची बहीण आहे, हिला पवित्र जनांना शोभेल असे आपलेसे करा. आपल्याकडे सभासदत्वाचे पत्र देण्याची पद्धत आहे, परंतु ते पत्र लग्नाच्या वेळी, कागदपत्रांसाठी मागितले जाते. मुलगा किंवा मुलगी गाव सोडून निघेल त्याच्या आधीच्या रविवारी त्यांना पुढे बोलावून प्रार्थना करा, पत्र हातात द्या, आणि पाळकांकरवी पुण्यातील त्या भागातील मंडळीला कळवा की आमचा अमुक येत आहे, त्याला रविवारी शोधा. खोलीवर एकटा राहणारा, पाळीपाळीने काम करणारा एकविसाव्या वर्षाचा मुलगा स्वतःहून नव्या मंडळीच्या दारात उभा राहील ही अपेक्षा जड आहे. दोन माणसांनी येऊन त्याचे नाव घेतले तर तो येतो. जे आधीच गेले आहेत त्यांच्यासाठी नाताळात वेळ काढा. ते २४ तारखेला येतात आणि २६ ला परत जातात, तेवढ्यात त्यांना कोणत्या मंडळीत जाता, तेथील पाळक कोण, असे आपुलकीने विचारून घ्या, आणि ती मंडळीही प्रार्थनेच्या वहीत लिहा. अठरा माणसांच्या मंडळीची मुळे मग चार शहरांत पोचतात.

मोबाइलविषयी एक सूचना. रविवारी गावची उपासना आटोपल्यावर मोठमोठ्या शहरांतील सभा, हजारो माणसे, प्रकाशयोजना, वाद्ये हे सगळे पाहण्याची सवय आपल्या घरांत वाढली आहे. संदेश चांगला असेल तर जरूर ऐका. पण ते पाहून स्वतःची मंडळी अधिकच रिकामी वाटू लागत असेल तर थोडे दिवस बंद ठेवा. त्या सभेतील कोणीही तुमच्या आईला ओळखत नाही, आणि तुमच्या गावच्या म्हाताऱ्या भगिनीला ताप आला तर तिच्या उशाशी बसायला पडद्यावरचे कोणी येणार नाही.

आणि मोठी मंडळी जखमाही करते, हे लपवून ठेवणे मला पटत नाही. मिळकतीचे वाद, निवडणुकांतील गट, एकाच विश्वासाच्या माणसांनी एकमेकांवर केलेले दावे, मोठ्या शहरातील मंडळीने खेड्यातल्या माणसाला दारात उभे केल्याचे अनुभव, हे सर्व आपल्याकडे घडते. १९१० मध्ये एडिनबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेत भारताचे व्ही. एस. अझर्याह उभे राहिले, जे पुढे १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप झाले, आणि त्यांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तोंडावर सांगितले की तुम्ही आमच्यासाठी आपले धन दिले, आपली शरीरेही दिली, पण आम्हांला मैत्री हवी आहे, आम्हांला मित्र द्या. एवढ्या मोठ्या सभेत एका भारतीय पाळकाने हे बोलणे सोपे नव्हते. मोठ्या मंडळीवर प्रेम करणे म्हणजे तिच्या दोषांविषयी गप्प बसणे नव्हे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. आपल्या भागातील मंडळ्यांचे ऐक्यही स्वस्तात झालेले नाही. अमेरिकन बोर्डाच्या आपल्याकडील कामातून, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनमधून, उभ्या राहिलेल्या मंडळ्या १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळ्यांबरोबर एका संयुक्त मंडळीत आल्या. त्यानंतर १९२९ पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाली. चार दशके माणसे बाप्तिस्मा, बिशप आणि प्रभुभोजन यांविषयी एकमेकांशी बोलत राहिली, उठून गेली नाहीत. ज्यांनी ते सुरू केले त्यांपैकी कित्येकांना शेवट पाहायला मिळाला नाही. आजचे वाद पाहून मन विटले की त्या माणसांची आठवण करावी.

मृत झालेल्यांचाही उल्लेख करायला हवा, कारण मंडळी आज जिवंत असलेल्या लोकांपुरती नाही. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात साक्षीदारांचा मेघ आपल्याभोवती असल्याचे सांगितले आहे. तुमच्या गावच्या उपासनागृहाच्या पहिल्या विटा कोणी रचल्या, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, दुष्काळात कोणाच्या घरी सभा भरत होती, ही नावे बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीत सापडतील. १ नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी ती मोठ्याने वाचा. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे एखादे भजन त्या दिवशी गा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या त्या एका माणसामुळे मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्याच भाषेत, आपल्याच अभंगाच्या चालीत रडायला आणि गायला मिळाले, आणि आज आपल्यांतील वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या ती भजने एकत्र गातात.

राहता राहिली अर्पणाची गोष्ट. लहान मंडळ्या बहुधा घेणाऱ्या म्हणूनच वागवल्या जातात आणि हळूहळू त्या स्वतःलाही तसेच समजू लागतात. माझ्या मते त्यांच्या निराशेचे हे एक मोठे कारण आहे. मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दरिद्री होत्या, तरी यरुशलेमेतील गरीब भावांसाठी देण्याचा मान आम्हांलाही मिळावा म्हणून त्यांनी पौलाची विनवणी केली. तुमच्या मंडळीने वर्षातून एक अर्पण पूर्णपणे गावाबाहेर पाठवावे. सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या रविवारचे पाठवले तर उत्तम, कारण त्या दिवशी ज्वारीचे पोतेही येते. रक्कम पाचशे रुपये असली तरी चालेल. ते कोणाला पाठवायचे हे पंचांनी परस्पर ठरवू नये. अठराही जणांना बसवून विचारावे, मुलांनाही. शक्यतो आपल्याहून लहान किंवा अधिक अडचणीत असलेली मंडळी निवडावी आणि पैशांबरोबर सर्वांच्या सह्यांचे पत्र पाठवावे, ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा घ्यावा. तिकडून उत्तर आले की ते रविवारी उपासनेत, प्रार्थनेच्या आधी, तुमच्या आईला वाचायला द्या.